लोकल आयडी

श्रीरंग अकरा वर्षांनी आला आणि हॉटेलात उतरला.
"घरी बाथरूम एकच, ताई, आणि मुलांना एसीची सवय,"
तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, बरोबरच आहे.
बरोबर होतंच.
तरी उशांना नवे अभ्रे घातले होते,
ते दोन दिवस तसेच राहू दिले.

रॉटरडॅमहून चौघं. परदेशातली सुट्टी.
परदेश म्हणजे कुलाबा,
सातवा मजला, खिडकीत अख्खं बंदर.
तिसऱ्या दिवशी रेवाने हट्ट धरला, आत्या इथे झोपणार.
मग मी शिवडीहून निघाले.
पिशवीत गाऊन, बीपीची गोळी, डब्यात घावन.

काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड उलटंसुलटं केलं.
"मॅडम, लोकल आयडी चालत नाही."
म्हणजे?
"मुंबईचाच पत्ता असला तर रूम देत नाही. पॉलिसी आहे."
माझी अठ्ठावन्न वर्षं
त्याच्या दोन बोटांत.
मला हसू आलं. श्रीरंगला राग आला,
आणि रागात तो डच बोलायला लागला,
तेव्हा कुठे मॅनेजर बाहेर आला.

मग एक फॉर्म.
कुठून आलात: शिवडी.
इथून कुठे जाणार: शिवडी.
येण्याचं कारण: व्यवसाय, उपचार, पर्यटन,
यांपैकी एकावर खूण करा.
मी उपचारापाशी जरा घुटमळले.

रात्री पडदा सरकवला.
बंदर मी वरून कधी पाहिलंच नव्हतं.
माझं बंदर म्हणजे यलो गेट, गेटवरचा शिपाई,
दादांचा डबा त्याच्या हातात द्यायचा आणि मागे फिरायचं.
दादा आत गोणी मोजत, पेट्या मोजत,
आणि संध्याकाळी खिशातून नावं आणत:
अँटवर्प, ओडेसा, मोम्बासा.
आमटी-भातासोबत आम्ही ती गिळली.
ते स्वतः रेवसच्या पुढे गेले नाहीत,
तेही लाँचने, कुणाच्या तरी बारशाला.
"मोजतो ते आपलं नसतं, बाय,
चुकतं ते मात्र आपल्या पगारातून जातं."

रेवा काचेला नाक लावून जहाजांचे दिवे मोजत होती
आणि दर वेळी एकविसाला घसरत होती.
तिच्या भाषेतही म्हणे एक आधी, वीस नंतर,
आपल्यासारखंच.
मी हॉटेलची वही ओढली, शिकवलं:
चार उभ्या, पाचवी आडवी, मग पुढचा जुडगा.
सव्वीस जहाजं.
ती त्यावरच डोकं ठेवून झोपली.

श्रीरंग सोफ्यावर जागाच होता.
त्याने तिच्या गालाखालून वही हलकेच काढली,
मोबाइलच्या उजेडात धरली.
"पाचवी रेघ दादा उलटी मारायचे. डावीकडून वर."
असं, म्हणून एक मारून दाखवली.
खोलीचं काय करायचं ते तेव्हा निघालं असतं.
त्याने काढलं नाही. मीही नाही.
एसी बराच वेळ एका सुरात बोलत राहिला.

सकाळी आनेकेने घावन कॉफीत बुडवून खाल्लं,
दुसरंही मागितलं.
नाश्त्याला खाली वीस प्रकार होते,
मी पपई घेतली.
"आत्या, तुझी सुट्टी किती दिवसांची?" रेवाने विचारलं.
साडेअकरापर्यंत, मी म्हटलं.
तिला ते फारच थोडं वाटलं.

टॅक्सी नको म्हटलं, बस मिळाली, खिडकीही.
उजव्या हाताला ती लांबच लांब भिंत,
दगडी, मग पत्र्याची, मग पुन्हा दगडी.
पिशवीत हॉटेलचा साबण, न फोडलेला,
घरी वास घेतला तर लिंबासारखा असावा.
भिंतीमागे सव्वीस.
एखादं पहाटे निघून गेलं असेल,
तर पंचवीस.